चालवत आणीन

खारदांडा
२९ डिसेंबर १९८४

जया,

आशीर्वाद आहेत असं धर. तब्येत विचारत नाही. हर्णैहून येणारी माणसं सांगतात तू ठणठणीत आहेस, आणि तोंडही तसंच आहे.

तू गेल्यापासून मी पत्र लिहिलं नाही, तूही नाही. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघी जावा इतकी वर्षं राहिलो, आणि पावसाच्या आधी सहदेव आणि तू बिऱ्हाड उचलून तुझ्या माहेरी निघालात, तेव्हा मी दारात आले नाही. ते आता उगाळायचं नाही. बोंबील वाळवायच्या बांबूंवरून कोण कोणाला काय बोललं ते अख्ख्या दांड्याला पाठ आहे. चूक कोणाची ते मी या पत्रात लिहिणार नाही. लिहायचं वेगळंच आहे.

काल मी एरंगळला जाऊन आले. चालत.

आता तुला राग आला असेल. येऊ दे. तू मला न सांगता केलंस, मी तुला सांगून करते, एवढाच फरक.

झालं असं. मागच्या आठवड्यात बाजारात वनमालाशी माझं वाजलं. तिची पाटी माझ्या जागेत सरकते हे तुला माहीत आहे, ती रोज सरकते, मी रोज लाथेने मागे ढकलते. त्या दिवशी ती तावात उभी राहिली आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "ज्या पायाने ढकलतेस ना, तो पाय कोणाच्या नवसाने राहिला ते विचार आधी! जिने एरंगळला मेणाचा पाय वाहिला तिलाच घरातून घालवलीस!"

मी म्हटलं, "कोण? काय बोलतेस?"

ती गिऱ्हाइकाकडे वळली. तोंडातून निघून गेलं होतं. पण मी वनमालाला सोडणार का? पाट्या उठल्यावर तिला धरलं आणि सगळं काढून घेतलं. मी इस्पितळात होते, पाकट माशाचा काटा घुसून पाय काळा पडला होता आणि डॉक्टर गुडघ्याखाली कापायचं बोलत होते, त्याच दिवसांत तू वनमालाला घेऊन एरंगळच्या सणाला गेली होतीस म्हणे. आणि तिच्याकडून शपथ घेतलीस की मालनला सांगायचं नाही.

मी तर धरून बसले होते की जाऊ एकदासुद्धा बघायला आली नाही.

रात्री आमच्या ह्यांना, तुझ्या भावजींना सांगितलं. ते जेवता जेवता म्हणाले, "मग फेडायला हवा." मीही तेच म्हणत होते. माझ्या पायाचा नवस आणि मी त्याच पायाने खुशाल वर्षभर बाजारात फिरते. वनमालाला विचारलं, सण कधी होता? ती म्हणाली, पौषातली षष्ठी होती, सकाळी पाणी उतरलेलं, वेसाव्याला खाडी ओलांडायला चिखलातून तरीवर चढलो, तुझं लुगडं मांडीपर्यंत भरलं. झालं तर मग. षष्ठी काल होती. हे म्हणाले, "कोणाला तरी विचार." मी म्हटलं, "तिथी मला कळते. सगळा जन्म तिथीवर गेला. बोट काढायची तिथीवर, जाळं टाकायचं तिथीवर, आता सण काय वेगळ्या पाण्यावर येणार?"

मतदानाची शाई अजून बोटावर आहे, त्याच हाताने झेंडूचा हार केला, मेणबत्त्या घेतल्या आणि एकटी निघाले. अंधेरीहून बस धरून वेसावा. पाणी तसंच उतरलेलं, वनमाला म्हणाली तसंच. मी म्हटलं बघा, दिवस बरोबर. फक्त तरीवर गर्दी कशी नाही, हे डोक्यात आलं होतं, पण मी म्हटलं लोक पुढे गेले असतील.

पलीकडे मढला उतरले. तिथल्या कोळीवाड्यात बोंबील टांगलेले, आपल्याकडच्यासारखेच, वास पण तोच. एकीने विचारलं, "कुठे गो?" म्हटलं, "एरंगळला, सणाला." तिने माझ्या हाराकडे बघितलं आणि परत बोंबील टांगायला लागली. तिने तेव्हाच सांगितलं असतं तर माझी अर्धी वाट वाचली असती. पण बरं झालं नाही सांगितलं.

जया, मी या बाजूला कधी चालले नव्हते. तू चालली आहेस, तुला माहीत आहे. रस्ता कसला, लाल माती. दोन्हीकडे माड आणि ताड, मध्ये वांग्याच्या, मिरचीच्या वाड्या, विहिरीवर बायका धुणं धूत होत्या. अंधेरी तिथे खाडीपलीकडे आहे यावर कोण विश्वास ठेवील! वाटेत एक ताडीवाला भेटला, तो माझ्याबरोबर किल्ल्याच्या फाट्यापर्यंत आला. म्हणाला, "किल्ला पोर्तुगीजांनी बांधला, मग मराठ्यांनी घेतला, मग गोऱ्यांनी. आता विमानवाल्यांचं ठाणं आहे, आत सोडत नाहीत." मी म्हटलं, "मला कशाला जायचंय आत? इतके लोक आले नि गेले, त्यांना म्हावरं कोणी विकलं? आमच्याच बायकांनी." तो हसला. मला ताडी देत होता, मी घेतली नाही. देवाला चालले होते म्हणून, नाहीतर घेतली असती.

पुढे एका बंगल्यात शूटिंग चाललं होतं. दारात एक मेलेला माणूस पायरीवर बसून बिडी ओढत होता, छातीभर लाल रंग. मी घाबरले, मग शिवी दिली. तो म्हणाला, "मावशी, पाणी आहे का?" माझ्याकडचं दिलं. मेलेल्याला पाणी पाजलं, तेवढं पुण्य.

आणि मग एरंगळ. रस्ता वळला आणि समोर समुद्र, आणि वाळूच्या कडेला ते किरिस्तावांचं पांढरं देऊळ एकटं उभं. दुसरं कोणी नाही. मंडप नाही, दुकानं नाहीत, बँड नाही. नाताळची कागदी चांदणी तेवढी दारावर फडफडत होती. मला वाटलं दुसऱ्याच गावात आले.

बाहेर एक म्हातारी बादलीत चुना ढवळत होती. रेजिनाबाय तिचं नाव, ते मग कळलं. मी विचारलं, "सण कुठे आहे?"

"सन? आज?"

"आज पौषातली षष्ठी ना?"

तिने काठी खाली ठेवली आणि एवढी हसली की तिला भिंत धरावी लागली. "अगो बाय, आमचा देव तिथी नाय पालत! जानेवारीचा दुसरा रविवार. अजून नवीन साल पन नाय लागला!"

मला इतका राग आला. वनमालाचा, त्या षष्ठीचा, माझा. गेल्या साली तो रविवार षष्ठीला आला होता एवढंच. मी वाळूतच बसले. पाय दुखत होता, मी काही खोटं लिहीत नाही, तो अजून दुखतो.

तिने पेज दिली. विचारलं कुठली. म्हटलं दांड्याची. तर म्हणते, "गेल्या साली दांड्याची एक आलती, दोन पाय घेऊन."

मी म्हटलं, "सगळेच दोन पाय घेऊन येतात."

"मेनाचे गो! एक डावा, एक उजवा. जावेचा पाय सडलाय बोलली. मी बोलले, मग दोन कशाला? तर बोलली, कोनता ते ठावकी नाय. मी बोलले, घरातली बाई नि पाय ठावकी नाय? बोलली, आमचं बोलनं बंद हाय."

जया, मी तिथे हसले. खूप हसले. मग रडले पण, ते जाऊ दे.

अगो, विचारायचं होतंस ना कोणाला तरी! उजवा होता.

मग तिने मला आत नेलं. भिंती एवढ्या जाड की आत उन्हाचं नावच नाही, आणि मागच्या बाजूने लाटांचा आवाज. म्हणाली, चारशे सालं झाली असतील. तिच्या आजीच्या वेळेला म्हणे छप्पर पडलं होतं, भिंतीत झाडं उगवली होती, बकऱ्या आत बसायच्या. तरी आजी सणाच्या आधी चुना लावायची. मी म्हटलं, "छप्पर नाही आणि चुना कशाला?" म्हणाली, "सनाला येनारी मानसं थांबली नव्हती ना."

तुझे पाय दिसले नाहीत. मेण वितळवून मेणबत्त्या करतात म्हणे. म्हणजे माझे दोन्ही पाय जळले. मी माझा हार घातला, मेणबत्त्या लावल्या आणि म्हटलं, "झालं, फिटला नवस."

तर ती म्हातारी म्हणते, "नाय फिटला. ती बोलली तसा नाय झाला."

"काय बोलली होती?"

"बोलली, पाय राहिला तर तिला मी स्वता चालवत आनीन. मी हितंच उभी होते. तू एकटी आलीस बाय. तू तुझी फिरायला आलीस असा धरते."

मी भांडले तिच्याशी. ती ऐकेना. मी दुसऱ्या मेणबत्त्या घेते म्हटलं, ती म्हणाली शंभर लाव. जो बोलला त्यानेच फेडायचा, हे आपल्याकडेही तसंच आहे, मला काय माहीत नाही? पण तुला कोण बोलावणार, हा प्रश्न होता.

तर हे पत्र. १३ जानेवारीला सण आहे, रविवारी. मी सकाळी वेसाव्याच्या धक्क्यावर थांबते. तू बोललीस, तू फेड. माझ्या पायावर तुझा नवस टांगून ठेवू नकोस, मला तो पाय लागतो.

निघताना त्या म्हातारीच्या हातातून ब्रश घेऊन मी दाराजवळची भिंत रंगवली, हात पोचेल तिथपर्यंत. आल्यासारखं काहीतरी केलं.

मालन


खारदांडा
६ जानेवारी १९८५

जया,

उत्तर नाही. पोस्टमन मला बघितलं की आता लांबूनच मान हलवतो.

पत्र पोचलं नसेल असं मी धरत नाही. पोचलं आहे. तू ते वाचून फळीवर ठेवलंस आणि म्हणालीस, बसू दे तिला. मी तुला ओळखते.

म्हणून आणखी दोन गोष्टी लिहिते. मागच्या पत्रात लिहायच्या राहिल्या. राहिल्या नाहीत, लिहिल्या नाहीत.

एक. इस्पितळात माझी खाट दाराच्या समोर होती. भेटायची वेळ झाली की सगळा दांडा यायचा. कोणी नारळपाणी, कोणी कालवण. मी सगळ्यांशी बोलायचे आणि त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघायचे. तुझे भावजी विचारायचे, कोणाची वाट बघतेस? मी म्हणायचे, नर्सची. इतकंच.

दोन. तुझे बांबू मोकळे आहेत. हे म्हणतात, म्हावरं घाल त्याच्यावर, जागा फुकट जाते. मी घालत नाही. वेळ मिळत नाही.

सहदेवची बोट तिकडे नीट चालली असेल तर चांगलंच आहे. मी तुला परत राहायला ये म्हणत नाही. एक दिवस म्हणते. एसटीने ये, मालाडला तुझ्या मावसभावाकडे उतर, माझ्या घरात पाय ठेवायचा नसेल तर ठेवू नकोस. पण त्या वाटेवर ये.

नाही आलीस तर मी तरीवर चढणार नाही. एकटी गेले तर ती म्हातारी परत म्हणेल, फिरायला आलीस. मी धक्क्यावर बसेन आणि शेवटची तर गेली की घरी येईन. हे धमकी म्हणून लिहीत नाही. जे करणार ते लिहिते.

मालन


खारदांडा
१५ जानेवारी १९८५

जया,

काल तुझी एसटी सुटली, आज हे लिहायला बसले. बरोबर होतीस तेव्हा तोंडातून निघालं नाही. तुझंही निघालं नाही. आपण दोघी दिवसभर बोललो ते कशाबद्दल? माडाला कीड लागली याबद्दल.

मी धक्क्यावर काय केलं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. उजाडायच्या आधी गेले. पहिल्या तरीने वनमाला आणि बाजारातल्या बाकीच्या गेल्या. वनमाला म्हणाली, "चल गो, ती येणार नाही." मी म्हटलं, "तू जा. पाटी सरकवायची सवय आहे तुला, माणसं सरकवू नकोस." मग तर भरायची, सुटायची, परत यायची. नव्या लुगड्यातल्या बायका, पोरं, पितळी बँड, टोपल्या, सगळं माझ्यासमोरून गेलं. तरीवाला दर खेपेला ओरडायचा, "मावशी, बसतेस की मुळं फुटली?" चिखलावर पाणी चढलं, धक्क्याला लागलं, ऊन डोक्यावर आलं. मी उठले नाही. मनात तुला इतक्या शिव्या दिल्या की शिव्यांचा नवस असता तर तेवढ्यानेच फिटला असता.

आणि तू त्या बाजूने आलीस! मी इकडून येणाऱ्या प्रत्येक बसकडे बघतेय, आणि तू पलीकडून रिकाम्या तरीत एकटी उभी, पायांना पार गुडघ्यापर्यंत लाल माती. मालाडहून मार्व्याच्या बसने तू सकाळीच एरंगळला पोचली होतीस. गर्दीत मला शोधलंस. वनमाला भेटली, तिने सांगितलं ती तिकडे धक्क्यावर दगड होऊन बसलीय. आणि तू अख्खी वाट उलटी चालत आलीस. उन्हाची. मला न्यायला.

तू काय म्हणालीस आठवतं? "बोलले होते चालवत आणीन. तिथून कशी आणणार? इथूनच न्यायला पाहिजे." आणि माझा हात धरलास.

मी म्हटलं, "सोड, मी काय लंगडी आहे?"

"गप चाल. नवस आहे."

तरीत पण सोडला नाहीस. मढच्या कोळीवाड्यातून दोन म्हाताऱ्या पोरींसारख्या हात धरून चाललो, लोक हसत होते, एक पोरगी म्हणाली, "कोणाचं लगीन गो?" तू तिला डोळे वटारलेस. माझा पाय भरून आला की तू आपणच थांबायचीस. मी काही बोलले नव्हते. तुला कसं कळत होतं? वर्षापूर्वी तुला कोणता पाय ते ठाऊक नव्हतं, आणि आता पाऊल जड पडायच्या आधी तू थांबत होतीस. मी मुद्दाम बघत होते. प्रत्येक वेळेला बरोबर.

दुपार टळली तेव्हा पोचलो. देवळात माणूस मावत नव्हतं. रेजिनाबाय दारात होती, नवं लुगडं, केसात अबोली. तिने आपले धरलेले हात बघितले आणि वाट करून दिली. तू मेणबत्ती लावलीस, हात जोडलेस, आणि ती म्हणाली, "आता फिटला."

तुला वाटलं असेल मला बरं वाटलं. तू माझ्याकडे बघून हसलीस, मीही हसले. पण खरं सांगू? मला धस्स झालं. एवढे दिवस माझ्याकडे तो नवस होता. त्याच्या जोरावर तुला पत्र लिहिलं, हुकूम सोडला, धक्क्यावर बसले. तो फिटला आणि तू माझा हात सोडलास. सोडायचाच होता, मेणबत्ती लावायला लागतो हात. पण तेव्हा कळलं की आता तुला बोलवायला माझ्याकडे काही नाही.

रात्री तू आमच्याकडेच झोपलीस, मी म्हटलं नव्हतं तरी. सकाळी तिळगूळ खाल्लास, तुझ्या भावजींच्या पाया पडलीस. भिंतीपलीकडे तुझी खोली उघडून बघितलीस आणि परत कडी लावलीस. मी भांडी घासत होते, मान वर केली नाही. एसटी स्टँडवर तू खिडकीतून म्हणालीस, "येते गो." सगळेच म्हणतात.

माझ्या पायाबद्दल मी तुझी देणेकरी आहे, एवढं लिहून ठेवते. डॉक्टरांनी औषध दिलं, ते त्यांचं काम. देवाने काय केलं ते देवाला माहीत. पण माझ्याशी बोलणं बंद असताना माझ्यासाठी मांडीभर चिखलातून जाणारी तू एकटीच. मला अशी कोणी आहे हे मला बाजारात भांडताना कळलं. कळलं नसतं तर मी तशीच मेले असते, पाटी ढकलत.

आता नवस नाही, सण नाही, पाय दुखायचा तेवढाच दुखतो. बोलवायला कारण शोधलं दिवसभर, सापडलं नाही. तरी ये. कधीही ये. तुला घेऊन मला कुठे जायचं नाही, काही फेडायचं नाही. नुसती येऊन बस.

मालन